ब्रेकचा कान

दातकर हे त्याचं आडनाव नव्हे. तो कवळ्या बनवायचा. दंतवैद्यांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यांवर तो मेणात एकेक दात उभा करायचा, आणि काही दिवसांनी कुठल्यातरी अनोळखी म्हाताऱ्याला पुन्हा चावता यायला लागायचं. रविवारी ज्या मोटरसायकलवेड्या मंडळींत त्याची उठबस होती, त्यांनी त्याला दातकर म्हणायला सुरुवात केली. पुढे पुढे बायकोसुद्धा चिडली की त्याच नावानं हाक मारू लागली.

छंद त्याला एकच. जुनी मोटरसायकल मिळवायची, नट-बोल्टपर्यंत सोडवायची, सांगाडा कापायचा, लांबवायचा, एकीची टाकी दुसरीला, तिसरीचं हँडल चौथीला, असं करत करत अशी गाडी उभी करायची की जिच्यासारखी दुसरी रस्त्यात सापडू नये. घरामागच्या धुण्याच्या खोलीत त्यानं नऊ वर्षांत पाच गाड्या उभ्या केल्या होत्या. बायको म्हणायची, "लोकांकडे धुण्याच्या खोलीत कपडे धुतात. आमच्याकडे मळवतात."

सहावी गाडी भावोजींची.

भावोजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शाळेची बस चालवायचे. सव्वीस वर्षांत त्यांच्या बसला साधा ओरखडा उठला नव्हता. मुलांनी त्यांचं नाव 'हळूकाका' ठेवलं होतं, आणि टिंगल म्हणून ठेवलेलं ते नाव भावोजी पदवीसारखं मिरवायचे. "लवकर पोचवणारे पुष्कळ आहेत," म्हणायचे, "पोचवणारे कमी."

त्यांची जुनी मोटरसायकल अकरा वर्षं घराच्या मागच्या भिंतीला टेकून, प्लास्टिकच्या कापडाखाली पडून होती. दातकर शाळेत होता तेव्हा याच गाडीवर भावोजींच्या पाठीला चिकटून तो पोहायला शिकायला जायचा. ताईनं एक दिवस त्याला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "छोट्या, यांना आता पंचावन्न पूर्ण होताहेत. ती गाडी तेवढी चालती कर. आणि नुसती चालती नको, तुझ्या त्या बाकीच्या गाड्या असतात ना, तशी कर. एकदम झकास."

"भावोजींना आवडेल?"

"तोंडानं म्हणणार नाहीत. रोज पुसतील मात्र. आणि हे बघ, मागची सीट काढायची नाही. तुम्ही लोक एकट्याच्या सीटा करता. मी काय टाकीवर बसू?"

दातकर सेहेचाळीस वर्षांचा झाला होता, पण ताईच्या लेखी तो छोट्याच होता. आई आजारी असायची त्या वर्षांत तिनंच त्याची वेणीफणी सोडून सगळं केलं होतं. तिच्यासाठी काही करायला मिळतंय म्हटल्यावर तो हरखून गेला.

पाच महिने गाडी धुण्याच्या खोलीत होती. पुढचा भाग त्यानं जवळजवळ तसाच ठेवला. मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं त्या मात्र चार बोटं लांबवल्या, म्हणजे गाडी लांब, बसकी, ताणलेली दिसणार होती आणि मागची सीटही ऐसपैस होणार होती. दांड्या बदलल्या की ब्रेकचंही बदलावं लागतं. मागच्या ब्रेकची एक ताटली असते. चाक फिरतं तेव्हा तिनं फिरायचं नसतं, म्हणून एक लोखंडी पट्टी तिला धरून ठेवते. ती पट्टी दांडीवरच्या एका लहानशा कानाला बोल्टनं बसवतात. अंगठ्याएवढा लोखंडाचा तुकडा. दातकरनं नवा कान कापला, जागेवर धरला, आणि वेल्डिंगचे दोन टाके दिले. नुसते दोन ठिपके, कान जागेवर राहावा इतपत. चाक बसवून बघायचं, सगळं रेषेत आहे अशी खात्री झाली की चारी बाजूंनी पक्कं जोडायचं. अर्धवट जोडाभोवती खडूनं गोल करायची त्याची सवय होती.

तेवढ्यात दारात टाकी आली. रंगवायला दिलेली टाकी रंगारी स्वतः घेऊन आला होता. गडद हिरवी, आणि कडेनं केसाएवढी बारीक पिवळी रेघ. ती रेघ पुढे किंचित जाड वाटत होती. दातकरनं ती उन्हात नेऊन पाहिली, सावलीत पाहिली, रंगाऱ्याशी वाद घातला, शेवटी स्वतः ब्रश घेऊन बसला. ती रेघ मनासारखी व्हायला चार रविवार गेले.

कानाला पक्कं करायला दहा मिनिटं लागली असती.

खडूचा गोल त्यानं केला होता की नाही, हे त्याला पुढे कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. केला असेल तर रंगाआधी दांड्या थिनरनं पुसल्या तेव्हा तो पुसला गेला असेल. वर लांबीचा लेप बसला, घासकाम झालं, काळा रंग चढला, आणि दोन टाक्यांवरचा कान पक्क्या कानासारखाच दिसू लागला.

वाढदिवसाला गाडी दारात उभी राहिली तेव्हा भावोजी चष्मा काढून पुसत राहिले. "ही माझी?" एवढंच म्हणाले. मग गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "म्हातारी तरुण झाली की रे. आता माझं काय?" ताई हसून हसून दमली. दातकरच्या पाठीवर भावोजींनी एक थाप मारली. त्या थापेनं त्याला आठवडाभर पुरेल इतकं सुख दिलं.

तिसऱ्या रविवारी दुपारी ताई आणि भावोजी दोघं फिरायला निघाली. शहराबाहेरच्या उतारावर एका गोदामाच्या फाटकातून ट्रक मागे मागे रस्त्यावर आला. भावोजींनी ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी जखडलं, गाडी आडवी झाली आणि दोघांना घेऊन घसरत गेली. ट्रक वेळेत थांबला म्हणून जीव वाचला. भावोजींना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ताईचा उजवा हात मात्र हँडलखाली सापडला. मनगट मोडलं आणि दोन बोटं चिरडली.

ताई शिवणकाम करायची. डॉक्टरांचे, परिचारिकांचे पांढरे कोट. त्या हातावर तिचं घर चालत नव्हतं, पण ती स्वतः उभी होती.

सोमवारी सकाळी टेंपोवाल्यानं गाडी दातकरच्या दारात आणून सोडली. हॉस्पिटलला जायच्या आधी एक नजर टाकावी म्हणून तो खाली वाकला, आणि तसाच राहिला. ब्रेकची पट्टी वाकून चाकाशी गुंडाळली गेली होती. तिच्या टोकाला बोल्टसकट कान लोंबत होता. दांडीवर, जिथे कान असायला हवा होता, तिथे दोन लहान चकचकीत ठिपके होते. बाकी सगळा रंग.

तो धुण्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला. कान सुटला, ताटली चाकाबरोबर फिरली, पट्टी गुंडाळली, चाक जखडलं. समजायला काही अवघड नव्हतं. कवळीत एखादा दात तिरका बसावा तितकं ते स्पष्ट होतं.

पुढे त्यानं जे केलं ते त्यानं घाबरून केलं असं स्वतःला सांगायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला. पण माणूस घाबरला की त्याचे हात थरथरतात. त्याचे थरथरले नाहीत. त्यानं कामावर रजा सांगितली, पट्टी सरळ केली, नवा कान कापला आणि या वेळी चारी बाजूंनी, मुंगीला वाट राहू नये असा जोडला. घासला, रंगवला. जुना कान त्यानं भंगाराच्या डब्यात तळाशी टाकला.

बायको कपड्यांची बादली घेऊन आली. "काय मोडलं होतं?"

"काही नाही. आरसा, आणि हँडल वाकलंय."

"मग मागे काय करतोयस?"

"बघून घेतोय."

तिनं काळ्या ओल्या रंगाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि बादली घेऊन परत गेली.

मंगळवारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भावोजी बाकावर बसले होते. गुडघ्यावर हात ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"छोट्या, तू गाडी बघितलीस ना? काही बिघाड होता का रे? ब्रेक दाबला आणि चाक एकदम जखडलं बघ."

हीच वेळ होती. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण आतून परिचारिका बाहेर आली, दार उघडं राहिलं, आणि त्याला पलंगावरचा तो पांढरा, फुगलेला हात दिसला.

"नाही भावोजी," तो म्हणाला. "मी सगळं बघितलं. गाडीत काही नव्हतं."

भावोजींनी मान हलवली. "म्हणजे पाय माझाच. घाबरून जोरात दाबला असणार." थोड्या वेळानं तेच पुन्हा म्हणाले, जणू पाठ करत होते. "पाय माझाच."

ताई घरी आली. प्लॅस्टर निघालं, तरी दोन बोटं वळेनात. पहिल्यांदा मशीनवर बसली आणि कापड सुईखाली सरकवता आलं नाही त्या दिवशी ती दातकरच्या देखत नवऱ्यावर तुटून पडली. "सव्वीस वर्षं लोकांची मुलं सांभाळून नेलीत. बायकोला एकदा नेलंत तर ही गत! तिथे हळूकाका, आणि मी मागे बसले की शर्यत?"

"मी हळूच होतो गं," भावोजी म्हणाले.

"हळू असतात ते असे घसरत नाहीत."

दातकरच्या हातात चहाचा कप होता. त्यानं तो संपवला. पुढे कित्येक दिवस त्याला आश्चर्य वाटत राहिलं, की तो चहा त्याच्या घशाखाली उतरला कसा.

महिन्याभरानं ताईचा फोन आला. भावोजी आपणहून मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले होते. मला बसवरून उतरवा म्हणाले. बाई म्हणाल्या, अहो, तो अपघात शाळेच्या बसचा नव्हता, तुमचं नाव खराब झालेलं नाही. तर म्हणाले, नावाचं नाही बाई, पायाचं आहे. संकटाच्या वेळी माझा पाय काय करेल ते मला आता सांगता येत नाही, आणि मागे चाळीस मुलं असतात. बाईंनी त्यांना भांडाराच्या खोलीत बसवलं. खडूचे खोके, चेंडू, किल्ल्या. बसवर दुसरा माणूस आला.

"मी तसं बोलायला नको होतं," ताई फोनवर म्हणाली. "पण माझ्या हाताकडे बघितलं की राग येतो. काय करू?"

"तुझं काही चुकलं नाही," दातकर म्हणाला. फोन ठेवून तो मेणाच्या भांड्याकडे पाहत उभा राहिला. मेण करपल्याचा वास सुटला तरी त्याला कळलं नाही.

त्या दिवसांत त्याच्या हातच्या तीन कवळ्या परत आल्या. वरचे दात खालच्यांवर बसत नव्हते. असं वीस वर्षांत झालं नव्हतं. धुण्याच्या खोलीत तो फिरकत नव्हता. दर रविवारी मात्र फळं घेऊन ताईकडे जायचा. जाताना ठरवायचा, आज सांगायचंच. दारात भावोजी "ये रे" म्हणायचे, आणि त्याचं अवसान गळायचं. कधी ताईचा चेहरा बरा दिसायचा, मग वाटायचं, कशाला आज विष कालवा. कधी ती उदास असायची, मग वाटायचं, आज नको, आधीच कष्टी आहे. सांगण्याजोगा रविवार काही उगवेना. आणि प्रत्येक गेलेला रविवार पुढचा रविवार आणखी अवघड करून जायचा, कारण आता नुसतं 'विसरलो' एवढं सांगून भागणार नव्हतं.

चौथ्या महिन्यात एका शनिवारी भावोजी त्याच्या दारात आले. डोक्याला टोपी, हातात जुने हातमोजे.

"गाडी चालू आहे ना?"

"आहे. का?"

भावोजी जरा अडखळले. "हसू नकोस. मला ब्रेक दाबायला शिकव."

"भावोजी!"

"खरंच सांगतोय. तुमच्या मंडळींत असं शिकवतात म्हणे. एकदम जोर आला तरी पाय आवरायचा कसा, किती दाबायचा. मी आयुष्यभर चालवली, पण कुणी शिकवलं असं नाही. मला पुन्हा बस मिळावी म्हणून नाही रे. निदान मला कळू दे, माझं चुकलं कुठे."

जवळच एका बंद कारखान्याचं सिमेंटचं मोठं आवार होतं. रविवारची मंडळी तिथेच गाड्या फिरवून बघत. दातकर गाडी घेऊन तिथे आला कसा, ते त्यालाही नीट आठवत नव्हतं. भावोजींनी एका जागी विटेचा तुकडा ठेवला. "इथे थांबवायची."

ते लांबून आले. विटेपाशी येता येता त्यांनी पाय ब्रेकवर ठेवला, आणि भाजल्यासारखा उचलला. गाडी वीट ओलांडून पुढे गेली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी पाय टेकवलाच नाही, नुसताच हवेत धरला. गाडी आपोआप मंदावून भिंतीजवळ थांबली. सव्वीस वर्षं बस चालवलेला माणूस घामानं निथळत, मान खाली घालून म्हणाला, "बघितलंस? होत नाही. पायच भितो. पुन्हा सांग, आधी टाच की चवडा?"

"थांबा," दातकर म्हणाला. "भावोजी, उतरा."

"एकदा अजून—"

"उतरा हो. पाय तुमचा नव्हता."

भावोजी गाडीवरच बसून राहिले.

"पाय तुमचा नव्हता. कान सुटला होता. ब्रेकची पट्टी जिथे बसते तो. मी तो दोन टाक्यांवर ठेवला आणि पक्का करायला विसरलो. टाकीच्या रेघेत गुंतलो. वरून रंग दिला. तुम्ही ब्रेक दाबलात, तो कान तुटला, पट्टी चाकात गेली. चाक तुम्ही नाही जखडलंत. मी जखडलं."

भावोजी खाली उतरले. मग गाडी स्टँडवर लावून ते सिमेंटच्या कट्ट्यावर बसले.

"म्हणजे मी बरोबर दाबला होता?"

"हो."

"आणि जोर?"

"जोरही बरोबर होता. कुणीही तेवढाच दाबला असता."

त्यांनी उजव्या पायातला बूट काढला. मोजा काढला. आणि तो पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन ते त्याच्याकडे बघत राहिले, हरवलेलं मूल सापडल्यावर त्याला कुठे लागलंय का बघावं तसे. त्यांचे खांदे हलायला लागले. दातकर पुढे सरकला, तर त्यांनी हातानं त्याला तिथेच थोपवलं.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"कुठल्या?"

"दुसऱ्याच दिवशी. गाडी आली तेव्हा."

"म्हणजे मी हॉस्पिटलात विचारलं तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि नवा कान?"

"त्याच्या आदल्या दिवशी बसवला. कुणाला दिसू नये म्हणून."

भावोजींनी मोजा घातला, बूट घातला, नाडी नीट बांधली. उठताना म्हणाले, "विसरणं मला कळतं. माणूस विसरतो. पण सतरा रविवार तू माझ्यासमोर बसून चहा प्यालास, छोट्या. मी स्वतःला खात होतो आणि तू फळं आणत होतास." आवाज चढला नव्हता. "चल. हिला मी सांगणार नाही. तू सांगायचं."

दोघं ताईकडे गेले. चालतच. गाडी तिथेच राहिली.

ताई टेबलावर पांढरं कापड पसरून डाव्या हातानं खुणा करत होती. दातकरनं उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. पट्टी, ताटली, कान, तिला काहीच कळेना. "नीट सांग रे," ती म्हणाली. "काय विसरलास?"

"तू कच्चा टाका घालतेस ना ताई, तसा घातला होता. शिलाई मारायची राहिली. आणि तसाच कोट देऊन टाकला."

तेवढं तिला लगेच कळलं. तिच्या हातातला खडू टेबलावर टेकला तो टेकूनच राहिला. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सोमवार, नवा कान, व्हरांडा. मग दातकरकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"आत्ता कळलं. तासाभरापूर्वी."

"मी तुम्हाला काय काय बोलले हो."

"बोललीस ते बोललीस. जाऊ दे."

"जाऊ दे कसं? चार महिने बोलतेय मी. हा बसून ऐकत होता." आता तिनं भावाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "हात माझा गेला तो तुझ्या विसरण्यानं गेला, ते मी कधीतरी पोटात घालीन. पण मी यांना नको ते बोलत असताना तू बोलू दिलंस, ते कसं घालू?"

दातकरनं तिच्याकडे एक पाऊल टाकलं.

"जा आता," ती म्हणाली.

बायकोला त्यानं घरी गेल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. तू रजा घेतलीस तेव्हाच. मी विचारलं नाही, हे माझंही चुकलं." मग उठून तिनं त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं. दोघांनीही त्याला हात लावला नाही.

सोमवारी तो शाळेत गेला. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं ऐकलं आणि कागद पुढे सरकवला. "लेखी द्या. तुमच्या बोलण्यावर मी त्यांच्या हातात मुलं देऊ शकत नाही." त्यानं लिहून दिलं. चूक कोणाची, केव्हा लक्षात आली, कशी लपवली, सगळं. 'लपवली' हा शब्द लिहिताना पेन अडलं. त्यानं तो खोडला नाही. भावोजींनी दोन आठवडे रिकामी बस फिरवून दाखवली, आणि मग मुलं पुन्हा चढली. पहिल्या दिवशी एक पोरगी म्हणाली म्हणे, "काका, तो नवा माणूस लवकर पोचवायचा. शाळेत येऊन कंटाळा यायचा." हे दातकरला बायकोकडून कळलं.

रविवारच्या मंडळींनाही त्यानं सांगितलं. कुणी रागावलं नाही, पण एकानं जाताना गाडी सुरू करता करता म्हटलं, "माझ्या पुढच्या चाकाच्या दांडीचा जोड तूच केलायस ना? तेवढा बाहेर कुणाकडून बघून घेतो. वाईट वाटून घेऊ नकोस." दातकर म्हणाला, "बघूनच घे." ते त्यानं मनापासून म्हटलं, आणि तरी ते गिळायला घरापर्यंतचा रस्ता त्याला पुरला नाही. हिरवी गाडी त्याच्याच खोलीत परत आली होती. भावोजींनी निरोप धाडला होता की मला ती नको, पण तू ती मोडायचीही नाहीस. रोज दार उघडलं की ती समोर दिसायची. ती पिवळी रेघ खरोखरच सुरेख जमली होती.

सात आठवडे ताई त्याच्याशी बोलली नाही. मग एका शुक्रवारी फोन आला. हवापाणी नाही, कसा आहेस नाही.

"चाळीस कोट आलेत. शिलाईला बाई ठेवलीय, पण तिची काजं चांगली होत नाहीत. तुझा हात बारीक कामाचा आहे. रविवारी ये."

तो गेला. भावोजींनी दार उघडलं, बाजूला झाले आणि पेपर घेऊन आत गेले. "ये रे" म्हणाले नाहीत. ताईनं त्याला सुई-दोरा दिला, एक काज करून दाखवलेला जुना कोट दिला, आणि समोर बसली. पहिलं काज त्यानं अर्धा तास घातलं. तिनं ते उलटून पाहिलं, मागची बाजू बोटानं चाचपली. "उसव."

दुसरंही उसवलं. तिसऱ्याला तिनं नुसतं "हं" म्हटलं.

"ताई," तो म्हणाला, "मला एकदा तरी—"

"काज घाल."

त्यानं घातलं. खोलीत दोरा कापडातून जाण्याचा आवाज तेवढा होता. दुपारपर्यंत सहा कोट झाले. मधेच तिच्या हातून कात्री खाली पडली. तो पटकन वाकला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी उचलते."

ती वाकली. उजव्या हाताची दोन बोटं सरळच्या सरळ होती, काडीसारखी. कात्रीचं कडं अंगठ्यात अडकवायला गेली तेव्हा कात्री निसटली. पुन्हा अडकवली, पुन्हा निसटली. दातकरला मान फिरवावीशी वाटली, पण त्यानं फिरवली नाही. तिसऱ्यांदा ती तिनं तळहातानं जमिनीशी दाबून कशीबशी वर घेतली, टेबलावर ठेवली, आणि केस सारखे केले.

"बघतोस काय," ती म्हणाली. "अजून चौतीस कोट आहेत."